खाच सर्वांची, खटका कोणाचा?

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून ताम्हिणीकडे निघालेल्या रस्त्यावर मुळशी तालुक्याची दोन रूपे एकामागोमाग दिसतात. आधी भूगाव-भुकूमच्या पुढची पिरंगुट, उरवडे, घोटवडे पट्ट्यातली कारखान्यांची शेड, जिथे मोठ्या कंपन्यांच्या ड्रॉइंगवरून सुटे भाग तयार होतात. मग पौडच्या पुढे मुळशी धरणाचे पाणी आणि घाट, जिथे पावसाळ्यात ट्रायपॉड खांद्यावर टाकून आलेली माणसे धबधब्यांसमोर उभी असतात. त्या ट्रायपॉडवर कॅमेरा धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा छोटा ठोकळा बहुधा परदेशात बनलेला असतो. तो बनवायला लागणारी यंत्रे आणि हात मात्र वाटेतल्या शेडमध्येच आहेत. असा ठोकळा इथल्या एखाद्या वर्कशॉपने स्वतःच्या विचाराने सुधारला, तर त्या सुधारणेला भारतात पेटंट मिळू शकते का, आणि मिळावे का, हा या लेखाचा विषय. त्यावर दोन मते ठामपणे मांडली जातात, म्हणून ती दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. अण्णा हे पिरंगुटच्या बाजूला जॉबवर्क करणारे लघुउद्योजक आणि ताई या पेटंटचे अर्ज तपासून सल्ला देणाऱ्या. दोघेही कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातले कायदे, खटले आणि साल खरे आहेत. मधूनमधून मीही बोलणार आहे, कारण मला यात एक बाजू घ्यायची आहे.

आधी वस्तू नीट पाहू. कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंची स्क्रूने, इंचाला २० आटे असलेल्या, एक प्लेट आवळलेली असते. तिच्या दोन्ही कडा तिरक्या कापलेल्या असतात, डव्हटेल पद्धतीच्या. ट्रायपॉडच्या डोक्यावर पकड असते; तिचा एक जबडा पक्का आणि दुसरा सरकता. प्लेट जबड्यांमध्ये ठेवायची, सरकता जबडा आवळायचा, की कॅमेरा बसला. आवळण्याचे दोन प्रकार. नॉबच्या पकडीत स्क्रू फिरवत जायचे. प्लेट थोडी अरुंद असो की रुंद, जबडा येऊन टेकतोच, पण वेळ लागतो आणि ओल्या बोटांना तो पुरता आवळला की नाही हे कळत नाही. लिव्हरच्या पकडीत एक्सेंट्रिक कॅम असतो. बोटाने लिव्हर दाबली की काम झाले. इथे अडचण वेगळी. कॅमची चाल ठरलेली असते. आर्का-स्विस या मूळच्या स्विस कंपनीची ही खाच, साधारण ३८ मिलिमीटर रुंदीची, जगभर रूढ झाली आणि आज असंख्य कंपन्या तिच्या मापाच्या प्लेटा बनवतात. पण ट्रायपॉडच्या स्क्रूला जसे आयएसओ १२२२ हे लिहिलेले मानक आहे, तसे या खाचेला नाही. त्यामुळे एका कंपनीच्या प्लेटवर चपखल बसणारी लिव्हर दुसरीच्या किंचित अरुंद प्लेटवर बंद होते, पण पकडत नाही. कॅमेरा बसल्यासारखा दिसतो आणि तिरका केला की घसरतो.

अण्णा : ही अडचण मी सोडवली असं समजा, ताई. कॅम आणि सरकता जबडा यांच्या मधे एक पोलादी पाचर घातली. लिव्हर उघडी असताना स्प्रिंग त्या पाचरीला पुढे ढकलते, पाचर जबड्याला ढकलते आणि जबडा प्लेटला जाऊन टेकतो, प्लेट कुठल्याही कंपनीची असो. मग लिव्हर दाबली की कॅम फक्त शेवटचा दाब देतो. पाचरीचा कोन इतका कमी ठेवलाय की ती मागे सरकू शकत नाही. लिव्हर उलटी शेवटपर्यंत ढकलली की तीच लिव्हर पाचर मागे ओढून घेते. बाजारात नॉबवाली सावकाश पकड मिळते आणि लिव्हरवाली हट्टी पकड मिळते. ही दोन्हींचं काम करते. वेळ वाचतो, कॅमेरा वाचतो. आमच्यासारखी माणसं आयुष्यभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करतात. एखादी वस्तू आमच्या डोक्यातून निघाली, तर ती आमची म्हणून कायद्यानं का मानू नये?

ताई : अण्णा, तुम्ही सांगितलेले फायदे ऐकताना मला मिर्झापूरचा खटला आठवतो. तोही पकडीचाच होता. पितळी भांडी लेथवर चढवून खरवडायची तर भांडं घट्ट धरलं पाहिजे. जुन्या पद्धतीत ते हेडस्टॉकला बसवत, आणि ते उडून कामगाराला लागायची भीती असे. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजनं समोरून दाब देणारं स्पिंडल जोडलं आणि १९५१ पासूनचं पेटंट मिळवलं. सोय, वेग, सुरक्षितता, चांगलं फिनिश, सगळे फायदे सांगितले होते. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम यांच्याशी वाद झाला, तो अलाहाबाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९७८ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती सरकारियांनी निकाल दिला. समोरून आधार देणारा टेलस्टॉक लेथवर कित्येक दशकं होता. तो भांड्यासाठी वापरणं ही वर्कशॉपमधली सुधारणा आहे, शोध नव्हे. पेटंट रद्द झालं. तुमच्या पकडीतही कॅम जुना, पाचर जुनी, स्प्रिंग जुनी.

या निकालाकडे बोट दाखवून छोट्या यांत्रिक सुधारणांचे दार बंद झाले असे सांगितले जाते, आणि तिथेच माझा मतभेद सुरू होतो. निकाल बारकाईने वाचला की त्यात फायदे नाकारलेले दिसत नाहीत. भांडे उडत नाही, काम वेगाने होते, हे सगळे खरे असले तरी ते पुरेसे नाही, एवढेच न्यायालय म्हणते. नव्या स्पिंडलने भांड्याला तोच आधार दिला जो टेलस्टॉक कोणत्याही लांब वस्तूला देतो. लेथवर काम करणाऱ्या कोणाही कसबी माणसाला तो मार्ग दिसला असता. म्हणजे कसोटी वस्तू उपयोगी आहे का ही नाही. जुने भाग एकत्र आल्यावर त्यांच्यात असे काही घडते का, जे प्रत्येकाकडून वेगवेगळे अपेक्षित नव्हते, ही कसोटी आहे. भारतीय पेटंट कायदा, १९७० याच्या कलम ३ मधला खंड (फ) नेमके हेच सांगतो: माहीत असलेली उपकरणे नुसती मांडली, नव्याने मांडली किंवा दुप्पट केली आणि त्यातले प्रत्येक आपापल्या ठरलेल्या पद्धतीने स्वतंत्रपणे काम करत राहिले, तर तो शोध नाही. त्या वाक्यातला ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द फार कमी अर्जदार गांभीर्याने घेतात. टॉर्च असलेल्या क्लॅम्पला पेटंट मिळू नये, कारण टॉर्च उजेड देत राहते आणि क्लॅम्प धरत राहतो. पण जिथे एका भागाची स्थिती दुसऱ्या भागाचे काम बदलते, तिथे खंड (फ) लागू होत नाही. अण्णांच्या पकडीत पाचर जिथे थांबते त्यावरून कॅमला किती अंतर कापायचे हे ठरते, म्हणूनच कॅमची ठरलेली चाल कोणत्याही मापाच्या प्लेटला पुरते. पाचर काढली तर कॅम हट्टी होतो. कॅम काढला तर पाचर नुसती टेकून राहते. हे परस्परावलंबन आहे, आणि त्यावर अर्ज उभा राहू शकतो.

अण्णा : मग झालं की. आणि सगळेच शोध जुन्या तुकड्यांचे असतात, ताई. व्हाइस-ग्रिपची पक्कड आमच्या प्रत्येक टूलबॉक्समधे आहे. अमेरिकेत नेब्रास्कातल्या एका गावात विल्यम पीटरसन नावाच्या लोहारानं ती काढली, १९२४ साली तिच्या खटक्याचं पेटंट घेतलं आणि त्यावर कारखाना उभा केला. पक्कड जुनी, स्क्रू जुना, सांधे जुने. दाबून मध्यबिंदूच्या पलीकडे गेलं की पक्कड स्वतःहून धरून ठेवते, हे नवं होतं.

ताई : पीटरसनच्या वेळी टूलरूम लहान होती आणि कागद कमी होते. आज तुमच्या अर्जासमोर शंभर वर्षांचे कागद ठेवले जातील. कायद्यानं ‘त्या विषयातला कसबी माणूस’ धरलाय, पण तो फक्त कॅमेऱ्याच्या दुकानातला नाही. वस्तू घट्ट धरायची आणि पटकन सोडायची, हा प्रश्न घेऊन निघालेला माणूस सायकलच्या चाकाची क्विक रिलीज दांडी बघेल, जिग-फिक्स्चरमधले टॉगल क्लॅम्प बघेल, बंदुकीवर दुर्बीण बसवायची पिकॅटिनी रेल बघेल, जिच्यासारख्या रेल आता व्हिडिओ कॅमेऱ्यांवर सर्रास दिसतात. आणि अण्णा, तुमच्या शेजारच्या शेडमधे ट्रकच्या ब्रेकचे भाग बनत असतील, तर तो स्लॅक ॲडजस्टरही बघेल. ब्रेकचं लायनर झिजत जातं तशी वाढलेली फट तो आपोआप भरून काढतो आणि ब्रेकच्या दांडीची चाल तेवढीच राहते. तुमच्या पाचरीचं कामही तेच नाही का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ मधे केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात गाडीच्या पेडलवर सेन्सर बसवण्याचं पेटंट असंच मोडलं. कसबी माणूस हा यंत्रासारखा नसतो, त्याला थोडी कल्पनाशक्ती असतेच, असं त्यांचं म्हणणं.

या आक्षेपाला ठरीव उत्तर पुरत नाही. पुणे जिल्ह्यातल्या वाहन उद्योगाच्या छायेत वाढलेल्या वर्कशॉपला तर स्लॅक ॲडजस्टर माहीत नव्हता असे म्हणताच येणार नाही. पण दोन यंत्रे शेजारी ठेवून पाहिली की फरक कुठे आहे ते दिसते. ब्रेकमधली झीज एकाच दिशेने जाते, हजारो वेळा ब्रेक दाबल्यावर थोडीशी फट वाढते, आणि ॲडजस्टर ती भरत पुढेच जातो; त्याला मागे फिरवायचे तर मेकॅनिकला हाताने फिरवावे लागते. कॅमेऱ्याच्या पकडीला प्रत्येक वेळी नव्याने माप घ्यायचे असते. आता अरुंद प्लेट, लगेच नंतर रुंद, मग पुन्हा अरुंद. एकाच हालचालीत पाचरीने माप विसरलेही पाहिजे आणि नवे घेतलेही पाहिजे. शिवाय ब्रेकच्या यंत्रणेला डबाबंद ठेवता येते. पकडीत घाटातला चिखल आणि पाणी थेट शिरते, आणि ओल्या पृष्ठभागावर घर्षण घटले की कमी कोनाची पाचर मागे सरकू लागते. कोन आणखी कमी करावा तर ती अशी अडकते की लिव्हरने सुटत नाही. मला शोध दिसतो तो या चिमट्यात: ओल्यात न सरकणारी आणि तरी बोटाच्या जोराने सुटणारी पाचर, जिला सोडण्याचे काम लिव्हरच्या उलट्या चालीतच बांधलेले आहे. ते कसे साधले हे अर्जात मापांसह, आकृत्यांसह आणि साधल्याच्या चाचणीसह लिहिले असेल, तर २००५ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेली व्याख्या त्याला जागा देते. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, आणि त्यामुळे कसबी माणसाला सहज न सुचणारी गोष्ट, अशी ती व्याख्या आहे. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो. अर्ज पडतात ते दुसऱ्या अर्ध्यावर.

‘आधीचे ज्ञान’ म्हणजे काय, हेही महाराष्ट्राला परक्याकडून शिकायला नको. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याचे पेटंट दिले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद सांभाळून त्याच वर्षी सीएसआयआरचे महासंचालक झालेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या काळात त्याला आव्हान दिले गेले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हळद जखमेवर लावतात हे आपल्या घराघरात माहीत होते, पण लढा जिंकून दिला तो जुन्या ग्रंथांनी आणि छापलेल्या शोधनिबंधांनी. ही गोष्ट दोन्ही बाजूंना लागू आहे. अण्णांची पाचर ‘कोणीही बनवतो’ असे म्हणणाऱ्याने तारीख असलेला कॅटलॉग, पेटंट किंवा व्हिडिओ दाखवला पाहिजे. आणि अर्ज करणाऱ्यानेही आपल्याला न दिसलेला कागद नाहीच, असे समजू नये. अर्ज करण्यापूर्वी जगभरच्या पेटंटांच्या खुल्या संग्रहांत क्लॅम्पिंगच्या वर्गांमधून शोध घेणे हे काम कंटाळवाणे आहे, पण तिथेच बहुतेक अर्जांचे भवितव्य ठरते. मंजुरीपूर्वी कलम २५ खाली कोणीही विरोध नोंदवू शकतो आणि मंजुरीनंतर वर्षभर हितसंबंध असलेला कोणीही. स्पर्धक असा कागद शोधायला आळस करणार नाही.

ताई : तरीही मूळ शंका राहते. आज कोणत्याही प्लेटवर कोणाचीही पकड बसते म्हणून छोटे कारखाने या धंद्यात टिकलेत. उद्या खाचेच्या एकेका कोपऱ्यावर एकेकाचं पेटंट झालं, तर पिरंगुटच्या वर्कशॉपलाच सर्वांत आधी नोटीस येईल. मुळशीला तरी हे समजावून सांगावं लागू नये. १९२१ साली सेनापती बापटांनी इथं सत्याग्रह केला, कारण कंपनीच्या धरणासाठी सरकार कायद्याचा आधार घेऊन शेतकऱ्यांची जमीन देत होतं. कायदा कागदावर बरोबर होता. ज्यांच्या पायाखालची माती गेली त्यांना तो बरोबर वाटला नाही.

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याच्या उत्तरातच या लेखाचे म्हणणे आहे. जमिनीच्या बाबतीत अन्याय काय होता? आधीपासून लोकांच्या हातात असलेली गोष्ट काढून घेतली गेली, तीही कायमची. पेटंटचा न्याय याच मापाने मोजावा. ते २० वर्षांनी संपते, आणि त्या बदल्यात रचना सर्वांना वाचता येईल अशी लिहून द्यावी लागते. पण एवढ्याने ते निर्दोष ठरत नाही. ते मागत असलेली गोष्ट आदल्या दिवशी कोणाच्या हातात होती का, हे पाहायला हवे. ३८ मिलिमीटरची तिरकी खाच सगळ्यांच्या हातात आहे. तिच्यावर दावा सांगणारे पेटंट, मग ते कितीही चतुर शब्दांत लिहिलेले असो, लोकांच्या हातातले काढून घेते. पाचर, कॅम आणि उलट्या चालीची विशिष्ट जोडणी काल कोणाकडेच नव्हती. तिच्यावरचा दावा कोणाचेही काही हिरावून घेत नाही. उद्या अण्णांना पेटंट मिळाले तरी बाकीचे सगळे नॉबची पकड, साधी लिव्हरची पकड, प्लेटा, सगळे पूर्वीसारखे बनवू शकतात. म्हणून पेटंट मागावे ते आतल्या खटक्यावर. जिथे दुसऱ्याची वस्तू येऊन बसते ती खाच मोकळी राहावी. सॅन फ्रान्सिस्कोच्या पीक डिझाइन कंपनीने २०११ मध्ये लोकवर्गणीतून पाठपिशवीच्या पट्ट्याला कॅमेरा अडकवणारी क्लिप आणली. कंपनीने आपल्या रचनांवर पेटंटे घेतली, पण तिची प्लेट आज आर्का पद्धतीच्या पकडीतही बसते. तोंड मोकळे आणि खटका स्वतःचा, ही मांडणी धंद्यालाही चालते.

यावर वकील मंडळी म्हणतील, दावा रुंद मागावा, परीक्षक कापेल तेवढा कापेल. मोठ्या औषध कंपनीला हे परवडते. वर्कशॉपला नाही, कारण रुंद दावा म्हणजे जास्त जुने कागद अंगावर ओढवून घेणे, आणि परीक्षकाच्या आक्षेपांना उत्तर देताना घाईने सोडलेला शब्द पुढे कोर्टात आपल्याच विरुद्ध वाचला जातो.

अण्णा : पण अरुंद दावा मोडायला सोपा. चीनमधला कोणी पाचरीऐवजी गोळ्या घालील आणि म्हणेल, हे तुमचं नाहीच. आणि मोडलाच कोणी, तर मी कोर्टात किती वर्षं काढू? आकुर्डीच्या बजाजसारख्या कंपनीचं काय झालं ते आम्ही पाहिलंय.

बजाजचे उदाहरण अण्णा बरोबर देतात. लहान व्यासाच्या इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या बजाजच्या पेटंटवरून टीव्हीएसशी २००७ मध्ये वाद पेटला. मद्रास उच्च न्यायालयात २००८ मध्ये टीव्हीएसवर मनाई आली, २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली, त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असे खटले रोजच्या रोज चालवून लवकर निकाली काढावेत असे बजावले. शेवट झाला तो २०१९ मध्ये, तडजोडीने. मिर्झापूरच्या खटल्याची तारीख तर आणखी बोलकी आहे. १९११ च्या कायद्याखाली पेटंटची मुदत १६ वर्षे होती. १९५१ चे पेटंट १९६७ मध्ये संपले असते, आणि ते वैध होते की नाही याचा अखेरचा निकाल १९७८ मध्ये लागला. न्यायाच्या या गतीचे समर्थन करता येत नाही. पण त्यावरून पेटंट व्यर्थ आहे हा निष्कर्ष निघत नाही, कारण छोट्या कारखान्याच्या हातात पेटंटचा उपयोग बहुतेक वेळा कोर्टाबाहेरच असतो. जॉबवर्कवाल्याची अडचण अशी की मोठ्या खरेदीदाराला नमुना दाखवला की तोच नमुना पुढच्या महिन्यात दुसऱ्या शेडमध्ये कमी दरात बनतो. अर्जाची तारीख आणि क्रमांक हातात असला की नमुना दाखवण्याचे बोलणे वेगळ्या पायावर होते. परवाना देता येतो, बँकेसमोर मालमत्ता म्हणून ठेवता येते. शंकर आबाजी भिसे यांचे आयुष्य मला इथे आठवते. मुंबईत जन्मलेल्या या मराठी संशोधकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये छपाईचे खिळे ओतण्याचे यंत्र केले, पेटंटे मिळवली, दादाभाई नौरोजींनी आणि सर रतन टाटांनी पाठबळ दिले, आणि तरी ते यंत्र जगाच्या बाजारात पाय रोवू शकले नाही. पेटंट होते, त्यामागे टिकून उत्पादन करणारा कारखाना उभा राहिला नाही. मुळशीतल्या वर्कशॉपची स्थिती उलटी आहे. कारखाना आहे, नाव नाही. खर्चाचे म्हणाल, तर व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीची ४,००० रुपये आहे. मसुदा लिहिणाऱ्याची फी याहून कितीतरी जास्त असते, आणि खरी कसोटी तिथेच आहे: ड्रॉइंग वाचता येणारा मसुदाकार मिळणे.

गोळ्यांच्या शंकेचे उत्तर मसुद्यातच आहे. दावा पाचरीवर लिहायचा नाही. ‘जबड्याची टेकण्याची जागा टिकवून धरणारा आणि लिव्हरच्या उलट्या चालीने सुटणारा अडसर’ अशा कार्यावर लिहायचा, आणि पाचर, गोळ्या, दातेरी पट्टी ही त्याची रूपे वर्णनात आकृत्यांसह द्यायची. तेही चाचणीने पटतील तेवढीच. न केलेली गोष्ट केल्यासारखी लिहिलेला अर्ज पुढे पहिल्या विरोधातच उघडा पडतो.

ताई : एक मधला रस्ता सुचवते. जर्मनीत १८९१ पासून, चीनमधे १९८५ पासून छोट्या शोधांसाठी ‘युटिलिटी मॉडेल’ असं हलकं संरक्षण आहे. चीनमधे ते दहा वर्षांचं, आणि सखोल तपासणीशिवाय मिळतं. आपल्याकडेही २०११ मधे केंद्र सरकारनं त्यावर चर्चापत्र काढलं होतं. तुमच्यासारख्यांना ते सोयीचं नाही का? आणि नाहीतर डिझाइनची नोंदणी आहेच, दहा आणि पाच मिळून पंधरा वर्षं.

डिझाइनचा रस्ता इथे फार पुढे जात नाही. २००० चा डिझाइन कायदा डोळ्याला दिसणारे रूप जपतो आणि नुसती यांत्रिक रचना व्याख्येतूनच वगळतो. लिव्हरचा बाक नोंदवता येईल, तिच्या आतली चाल नाही. युटिलिटी मॉडेलबद्दल मात्र माझे मत ताईंच्या सूचनेविरुद्ध आहे. तपासणीशिवाय हक्क वाटले की सर्वांत जास्त हक्क तेच घेतात ज्यांच्याकडे अर्ज करणारा स्वतंत्र विभाग आहे. उरवड्याच्या शेडला एक हक्क मिळेल आणि पन्नास हक्कांच्या जंगलातून वाट काढावी लागेल, ज्यातले कोणते खरे आणि कोणते पोकळ हे कोर्टात गेल्याशिवाय कळणार नाही. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात पेटंट कायदा भारताच्या गरजेनुसार बेतावा असा आग्रह धरला, आणि १९७० चा कायदा त्या पायावर उभा राहिला. कडक चाळणी हे त्या कायद्याचे बळ आहे. छोट्या उद्योजकाला चाळणी सैल करून मदत होत नाही. चाळणीतून जाईल असा अर्ज लिहायला मदत करून होते. लवळ्याच्या टेकड्यांवर विद्यापीठे आहेत, तालुक्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, मुंबईत अँटॉप हिलला पेटंट कार्यालय आहे. या तिघांमध्ये आणि पिरंगुटच्या शेडमध्ये रोजचा संबंध का नसावा, हा प्रश्न कायद्याचा नाही, आपल्या संस्थांच्या सवयीचा आहे.

अण्णा : मग मी आधी काय करू? या पावसाळ्यात चार फोटोग्राफरांना पकड देऊन ताम्हिणीत तपासून घ्यायचं ठरवलं होतं.

ताई : विकू नका, आणि व्हिडिओ कुठेही टाकू देऊ नका. आपल्या कायद्यात स्वतः उघड केल्यावर मिळणारी सवलत फार थोडी आहे. सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात दाखवलं तर बारा महिने, असे मोजके अपवाद. कलम ३२ मधे वाजवी चाचणीसाठी एक जागा आहे. शोधाचं स्वरूपच असं असेल की चाचणी लोकांसमोर करणं भाग आहे, तर अर्जापूर्वीच्या वर्षभरातली चाचणी नवेपणा घालवत नाही. पण त्यावर विसंबून राहू नका. चौघांकडून गुप्ततेचं लेखी घ्या आणि त्याआधी तात्पुरतं स्पेसिफिकेशन दाखल करा. ते दाखल केलं की पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. पावसातली मापं, ओल्या पाचरीचा कोन, कोणत्या प्लेटवर घसरली आणि कोणत्यावर नाही, सगळं तारखेनिशी वहीत लिहा. तेच पुढे तुमच्या बाजूनं बोलेल.

अण्णा : आणि खाच?

ताई : पहिल्या दाव्यात तिचा उल्लेख एवढाच येईल की पकड तिरक्या कडांची प्लेट धरते. ती माहीत असलेली गोष्ट म्हणून प्रस्तावनेत जाईल. दावा सुरू होईल त्यानंतर, लिव्हरच्या उलट्या चालीपासून.